गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी: ओला फडका टाकण्याआधी काय तपासायचं

मार्च लागला की कोल्हापुरातल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी आणि फियाट डिलाइट गाडीवाल्यांची एकच तक्रार सुरू होते. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, गावात झकास पळते, आणि पन्हाळ्याच्या चढावर किंवा कावळा नाक्याच्या गर्दीत गचके खात बंद पडते. मग अर्धा तास सेल्फ मारा नाहीतर धक्का द्या, ढिम्म. ऊन उतरलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. ही तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच गाड्या मी दुरुस्त केल्या आहेत, अजूनही करतो, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

अशा वेळी रस्त्यावरचा प्रत्येक जण एकच निदान सांगतो: "व्हेपर लॉक झालाय, एसी पंपावर ओला फडका टाका." व्हेपर लॉक म्हणजे उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पेट्रोल पुढं न पोचणं, आणि एसी पंप म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप. फडका टाकतात, गाडी वीस मिनिटांनी सुरू होते आणि श्रेय फडक्याला जातं. घोडं नेमकं इथंच पेंड खातं. त्या वीस मिनिटांत पंप थंड झाला तसा ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सरही थंड झाला, कॉइलही झाली, आणि टाकीत झालेली पोकळीही सावकाश भरून निघाली. नक्की कोणामुळे गाडी सुरू झाली हे फडक्यावरून कळत नाही. मग पंप बदलला जातो, नंतर कार्बोरेटर खोलला जातो, पैसे जातात आणि पुढच्या चढाला येरे माझ्या मागल्या.

दोष सापडायचा असेल तर तो गाडी गरम असताना, बंद पडल्यावरच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांतच सापडतो. थंड झालेली गाडी ताकास तूर लागू देत नाही. खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

लक्षणं नीट आठवा

बॉनेट उघडण्याआधी गाडी कशी बंद पडली ते आठवा. अर्धं निदान तिथंच होतं.

कोणी चावी फिरवून बंद करावी तशी एका क्षणात गप झाली असेल, तर संशय विजेवर घ्या: कंडेन्सर, कॉइल, एखादी सुटलेली वायर. आधी पिकअप मेलं, मग गचके, ॲक्सिलेटर दाबला तर आणखीच मरगळ आणि शेवटी बंद, असं झालं असेल तर बहुतेक पेट्रोल पोचत नाहीये.

सपाट हायवेवर, कागलकडे जाताना एका वेगात पळता पळता बंद पडली आणि इंजिन फारसं तापलेलंही नाही? मग टाकीचं झाकण किंवा फिल्टर. चालताना काहीच नाही, पण चहाला दहा मिनिटं थांबलात आणि नंतर सुरूच होईना, वर पेट्रोलचा वास? तो व्हेपर लॉक नसून बरोबर उलटा प्रकार आहे, कार्बोरेटर ओव्हरफ्लो झालाय, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त उतरलंय. चालत्या गाडीला वाऱ्याने आणि फिरत्या पाण्याने थंडावा मिळतो. थांबल्यावर तो मिळत नाही आणि इंजिनची धग वर कार्बोरेटरला लागते. म्हणून बंद केल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं कार्बोरेटरसाठी सगळ्यात वाईट असतात.

आणखी एक गोष्ट बघा: सेल्फ जोरात फिरतो का? फिरतच नसेल तर बॅटरी, केबल किंवा सेल्फचा विषय आहे. त्या दोषाला हा लेख उपयोगाचा नाही.

गाडी बंद पडल्या पडल्या

बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा आणि घाटात असाल तर चाकामागे दगड लावाच. सेल्फ मारत राहू नका. बॅटरी उतरली की एकाचे दोन दोष होतात. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हात भाजतो तो किरकोळ नसतो. तापलेल्या इंजिनावर बादलीने पाणीही ओतायचं नाही. गरम बिडाला थंड पाण्याचा तडाखा बसला तर चीर जाते, आणि पद्मिनीचं हेड आज बाजारात सहज मिळत नाही. या गाड्या बनायच्या थांबून वीस वर्षांहून जास्त काळ झाला. जे आपल्याकडे आहे ते जपूनच वापरायचं.

फुकटची तपासणी: टाकीचं झाकण

सगळ्यात आधी हे, कारण याला ना पाना लागतो ना पैसा. झाकण हळूहळू सोडा आणि कान द्या. सुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर थोडा सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष सापडला. एसी पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, तेवढ्या जागेत बाहेरची हवा यावी लागते. झाकणाचं बारीक भोक धुळीने बुजलं किंवा कोणी दुसऱ्या गाडीचं कुलूपवालं, बिनभोकाचं झाकण बसवलं, की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढून ओढून थकतो. ती पोकळी उभ्या गाडीत आपोआप भरून निघते, म्हणून "थंड झाली की सुरू होते" असं वाटतं. थंडीचा यात काही संबंध नाही. जुन्या गाडीला नवं झाकण घेताना त्याला हवेचं भोक आहे का ते दुकानातच बघा.

फॅन बेल्टही याच वेळी बघून घ्या. मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लवला पाहिजे. सैल असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही घसरतात.

ठिणगी की पेट्रोल?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिकीत एक जास्तीचा चालू स्पार्क प्लग कायम ठेवा. गाडी बंद पडली की एका प्लगची वायर काढून ती या जास्तीच्या प्लगला लावा. प्लगची लोखंडी बॉडी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला पक्की टेकवा. जागा कार्बोरेटरपासून लांबची निवडा आणि प्लग हातात न धरता रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा कुठं ओल दिसत असेल तर ही तपासणी करायचीच नाही. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, टक् टक् आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक आहे. पिवळट, मलूल, एक आड एक चुकणारी आली किंवा आलीच नाही, तर पेट्रोलच्या बाजूला हात लावू नका.

करंट ठीक असेल तर चावी बंद करा, एअर क्लीनर काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलेटरची दांडी हाताने ओढा. सोलेक्समध्ये, म्हणजे या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये, आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची एक चिळकांडी उडालेली स्पष्ट दिसते. दिसली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे. दोन-तीनदा ओढूनही तोंड कोरडंच, तर पेट्रोल येत नाही. नळीतून आपोआपच पेट्रोल ठिबकत असेल आणि आतल्या भिंती ओल्या असतील तर ओव्हरफ्लो.

एवढं कळलं की पुढचा खर्च निम्मा होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातले जुने मिस्त्री गाडी आल्या आल्या विचारतात, "मालक, बंद पडली तेव्हा करंट बघितला होता का?" त्याचं उत्तर आपल्याकडे असलं पाहिजे.

करंट नाही: आधी कंडेन्सर

माझ्याकडे व्हेपर लॉक म्हणून आलेल्या गाड्यांत कंडेन्सर हा नेहमीचा चोर आहे आणि शिक्षा मात्र एसी पंपाला झालेली असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्लगांना पाळीने करंट वाटणारा भाग. त्यातले पॉइंट, म्हणजे उघडमिट करणारी करंटची टोकं, उघडतात त्या क्षणी तिथं ठिणगी उडू नये म्हणून कंडेन्सर असतो. तो असल्यामुळेच कॉइलमधला करंट झटक्यात तुटतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. आतलं इन्सुलेशन जुनं झालं की उष्णतेने दम सोडतं आणि थंड झालं की पुन्हा काम करतं. म्हणजे हुबेहूब व्हेपर लॉकचीच लक्षणं. ओळखायचं कसं? डेल्कोचं झाकण काढून पॉइंट बघा. तोंडं निळी-काळी पडली असतील, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असेल, तर कंडेन्सर बदला. पॉइंट घासून गॅप मॅन्युअलमधल्या मापाने फीलर गेजने लावा. अंदाजाने, पत्त्याच्या जाडीवर वगैरे नको. खर्च किरकोळ आहे. पण हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरचा दर्जा सारखा नसतो, म्हणून जुना पण चालू कंडेन्सर काढला तर फेकू नका, डिकीत ठेवा.

झाकण काढलंच आहे तर आतली एक वायर मुद्दाम बघा. पॉइंटच्या प्लेटपासून डेल्कोच्या बॉडीला जाणारी, बोटाच्या पेराएवढी, कापडी वेष्टणाची विणलेली तार. व्हॅक्यूमने प्लेट थोडी पुढंमागं फिरते, त्याबरोबर ही तार रोज वाकते. वेष्टण वरून शाबूत दिसतं आणि आतल्या बहुतेक तारा तुटलेल्या असतात. चिमट्याने हलकेच ओढली तर लांबते, म्हणजे आत काही उरलेलं नाही. अशा गाडीत सपाटीला ठीक चालतं, चढावर ॲक्सिलेटर कमीजास्त केला की करंट तुटतो.

त्यानंतर कॉइल. गरम असतेच, पण क्षणभरही हात ठेववत नसेल किंवा बुडाशी तेल पाझरलं असेल तर संशय घ्या. मल्टिमीटर असेल तर गरम असतानाच प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजा. साध्या 12 व्होल्टच्या कॉइलला तो साधारण 3 ओहम असतो. 1.5 च्या आसपास आला, तर ती बहुधा वेगळ्या रेझिस्टरसोबत चालणारी कॉइल आहे आणि कोणीतरी तो रेझिस्टर न लावता बसवली आहे. अशी कॉइल तापतच राहणार. इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवायची सवय असेल तर तीही मोडा. पॉइंट मिटलेले असले की सगळा करंट कॉइलमधून वाहत राहतो आणि ती उभ्या जागी शिजते.

पेट्रोल नाही: मग फडक्याकडे वळा

आता फडक्याची पाळी. पण तो चाचणी म्हणून वापरायचा. ओला करून पिळलेला फडका फक्त एसी पंपावर आणि त्याच्या पाइपवर ठेवा, डेल्कोवर थेंब नको. पंपाला हातदांडी असेल तर ती दहा-बारा वेळा मारा. गाडी दोन-तीन मिनिटांत पकडली, तर व्हेपर लॉक खरा. वीस मिनिटांनी पकडली तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही, वर जाऊन झाकण आणि करंट पुन्हा बघा.

व्हेपर लॉक बहुतेक वेळा पंपाच्या आधीच्या, म्हणजे ओढणाऱ्या बाजूला होतो. तिथं दाब कमी असतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. पेट्रोलमधला हलका भाग साध्या दाबालाही चाळीस अंशांच्या आसपास वाफ व्हायला लागतो. उन्हाळ्यात बॉनेटखाली तेवढी उष्णता सकाळी दहालाच असते. म्हणून तपासायचं ते टाकीपासून पंपापर्यंत.

रबरी पाइपांपासून सुरुवात करा. ओढणाऱ्या बाजूचा चिरलेला पाइप बाहेर गळत नाही, हवा आत घेतो. फरशी कोरडी आणि पंपाला नुसते बुडबुडे. पाइप वाकवून बघा, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर बदला. यात आता नवं कारण आलंय. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 2025 पासून 20 टक्के इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसाला त्यातून भाव मिळावा ही माझीही इच्छा आहे, पण या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. जुने पाइप मऊ पडतात किंवा तडकतात, पंपाचा डायफ्राम कडक होतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजते. पाइप आणि डायफ्राम घेताना इथेनॉलला टिकणारेच मागा. महाग पडतात, पण एकदाच. आणि उभी ठेवायची गाडी असेल तर दर पंधरवड्याला एक लांब फेरी मारून आणा.

मग फिल्टर. तांबूस गाळ दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी गंजलेली आहे. पारदर्शक फिल्टर एक्झॉस्टजवळ लटकवलेला असेल तर आधी तिथून हलवा. पेट्रोल तिथंच तापतं.

लोखंडी पाइप एक्झॉस्टच्या किती जवळून जातो तेही बघा. मूळ क्लिपा गेल्या की पाइप लोंबतो आणि मॅनिफोल्डला टेकतो. क्लिप लावून तो बाजूला घेणं आणि वर फायबर ग्लासची बाही चढवणं, एवढ्यावरच बऱ्याच गाड्यांचा व्हेपर लॉक कायमचा जातो. पंप आणि ब्लॉक यांच्यामधली जाड, उष्णता अडवणारी पॅकिंग आणि कार्बोरेटरखालची पॅकिंग जागेवर आहे का, हेही पाहा. पूर्वी कधीतरी काम करताना कोणीतरी तिथं पातळ कागदी पॅकिंग मारून ठेवलेली सापडते. पंपाखाली मात्र मनाने जाडी कमीजास्त करू नका. पंपाच्या दांडीचा स्ट्रोक त्या जाडीवर ठरतो. मूळ मापाचीच पॅकिंग टाका.

आणि वेगळा इलेक्ट्रिक पंप बसवायचा सल्ला हमखास मिळतो. वरचं सगळं तपासल्याशिवाय बसवू नका. तो दोष झाकतो, आणि दाब जास्त असेल तर सोलेक्सची पेट्रोल अडवणारी सुई टिकत नाही, ओव्हरफ्लो सुरू होतो.

ओव्हरफ्लो असेल तर

ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, चोक आत ढकललेला ठेवा आणि सेल्फ मारा. आत जमलेलं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं आणि गाडी थोडा धूर काढून सुरू होते. घरी आल्यावर फ्लोटची सुई आणि लेव्हल बघा.

मुळात एवढी तापते का?

वरचं सगळं ठीक असूनही काटा लाल भागाकडे जात असेल तर उष्णतेचं मूळ शोधा. ठिणगीचं टायमिंग मागे असेल तर इंजिन तापतं आणि चढावर ओढतही नाही. लांब फेरीनंतर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा. एकच ड्रम धगधगत असेल तर तिथला ब्रेक धरतोय, इंजिन बिचारं तो ओढतंय.

रेडिएटरसाठी, इंजिन गरम करून बंद करा, पंखा थांबल्यावर जाळीजवळून तळहात फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतल्यावर पांढरा क्षार साचणारच. मूळ तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर तो भंगारात देऊ नका. उद्यमनगरात तो खोलून, नळ्यांतून सळी मारून, पुन्हा डाग देऊन देणारे कारागीर अजून आहेत. ऑइल इंजिन घडवणाऱ्या या गावात असं काम करणारा हात मिळतो, हे पद्मिनीवाल्यांचं भाग्य आहे. परत बसवताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरा.

दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक सोहळ्यात निघते ती पाहायला मी दरवर्षी जातो. एवढी जुनी, एवढी मोठी गाडी गर्दीतून चालीच्या वेगाने न्यायची म्हणजे समोरून वारा जवळजवळ नाहीच, सगळा भार पंखा, पाणी आणि रेडिएटरवर. जुनी गाडी तापायचीच, असं मला कोणी सांगितलं की मी तिचं उदाहरण देतो. निगा असेल तर जुनी गाडी चालते.

इथं थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

खालचं काही दिसलं तर पाना खाली ठेवायचा.

इंजिन ऑइलची पातळी वाढलीय आणि काठीला पेट्रोलचा वास येतोय. एसी पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. एकदाही सेल्फ मारू नका. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात आणि आत साठलेली वाफ पेटूही शकते. गाडी ओढून न्या, पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्यावरच सुरू करा.

ऑइल दुधाळ झालंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, किंवा बाहेर कुठं गळत नसताना पाणी कमी होतंय. हेड गॅस्केट. हेड काढणं, लेथवर फेस मारून घेणं आणि क्रमाने, टॉर्क रेंचने आवळणं हे अनुभवी हाताचं काम आहे.

टाकी गंजलीय किंवा गळतेय. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. जो ती आधी धुऊन, वाफ पूर्ण घालवून मगच डाग देतो अशा कारागिराकडेच द्या. घरी किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात अजिबात नाही.

वायर जळल्याचा वास आला किंवा पेट्रोल गरम भागावर ठिबकताना दिसलं तर बॅटरीची केबल काढा आणि गाडीपासून लांब उभे राहा.

मिस्त्रीकडे जाताना "व्हेपर लॉक आहे" असं सांगू नका, तो तेच धरून बसेल. कशी बंद पडली, करंट होता की नव्हता, कार्बोरेटरमध्ये चिळकांडी दिसली की नाही, झाकण उघडल्यावर काय झालं, एवढं सांगा. आणि शक्य असेल तर गाडी गरम असतानाच न्या. सकाळी थंड गाडी लावून संध्याकाळी न्यायला जाण्यापेक्षा भर दुपारी पन्हाळ्याची फेरी मारून थेट गॅरेजच्या दारात थांबलेलं बरं.